पोळी लाटणारे हात आणि बँकेचं पासबुक : प्रेमाताई पुरव यांची आठवण

 

आज सुरुवातीला माझीच एक चूक सांगते. मागच्या महिन्यात आपल्या एका गटाचे बँक कर्जाचे अर्ज भरायचे होते. हिंगोली शहराला लागून असलेल्या वस्तीतला गट. अंगणात सतरंजी टाकून बसलो होतो. मी एकेकीला विचारत होते आणि रकाने भरत होते. नाव, वय, आधार क्रमांक, व्यवसाय. एक ताई आल्या. मी विचारलं, "व्यवसाय काय लिहू?" त्या म्हणाल्या, "काही नाही गं बाई. घरीच असते." मीही मान खाली घालून लिहिलं, 'घरकाम'.

तेवढ्यात शेजारची म्हणाली, "अगं, घरीच कशी? पंधरा पोरांचा डबा कोण करतंय मग?"

खरंच होतं. सेनगाव, कळमनुरी, औंढ्याकडची पोरं शिकायला, भरतीच्या तयारीला हिंगोलीत खोल्या करून राहतात. त्यातली पंधरा जणं या ताईंकडे दोन वेळ जेवतात. सकाळी साडेचारला त्यांची कणीक मळून झालेली असते. रात्री दहाला शेवटचं भांडं पालथं पडतं. एवढं करणारी बाई म्हणते 'काही नाही', आणि गटाची समन्वयक असलेली, बी.ए. झालेली मी ते तसंच कागदावर उतरवते. त्या रात्री मला झोप लागली नाही. आणि आठवण आली ती प्रेमाताई पुरव यांची.

प्रेमाताई आता आपल्यात नाहीत. आपल्याकडे त्यांचं नाव फार जणींना ठाऊकही नाही. पण आज आपण गटात बसून जे करतो, म्हणजे एकमेकींची हमी घेणं, बँकेत जाणं, सावकाराचा दरवाजा बंद करणं, ते या बाईंनी मुंबईत १९७५ साली करून दाखवलं होतं. आणि ते कुणासाठी? तर आपल्या या ताईंसारख्याच, घरी डबा करणाऱ्या बायकांसाठी. म्हणून आज त्यांची गोष्ट सांगते, आणि त्यातला पैशाचा हिशोबही उलगडून सांगते. वही-पेन असेल तर जवळ घ्या.

प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना रझाकारांचा काळ आठवतो. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राज्यातून सुटला. गोव्याला मात्र पोर्तुगिजांच्या हातून सुटायला १९ डिसेंबर १९६१ उजाडावा लागला. त्या लढ्यात प्रेमाताई अगदी कोवळ्या वयात उतरल्या. पायाला गोळी लागली. उपचारासाठी त्या मुंबईला आल्या आणि मुंबईच्याच झाल्या. तिथं त्या कामगार चळवळीत काम करू लागल्या. लग्न केलं तेही चळवळीतल्याच माणसाशी. दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे पुढारी होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

आता त्या काळची मुंबई डोळ्यांसमोर आणू. लालबाग, परळ, वरळी, नायगाव या भागाला गिरणगाव म्हणत. तिथं कापडाच्या गिरण्या होत्या आणि त्यांत काम करणारे लाखो कामगार. बहुतेक जण कोकणातले, साताऱ्या-सांगलीकडचे, कोल्हापूरकडचे. बायको, पोरं, आई-बाप गावाकडे, आणि हा गडी मुंबईत. चाळीतल्या एका खोलीत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण राहायचे. एक पाळी कामावर गेली की दुसरी पाळी त्याच जागेवर आडवी व्हायची. अशा माणसांनी जेवायचं कुठं? हॉटेल परवडत नाही, आणि परवडलं तरी गावाकडची भाकरी-आमटी तिथं मिळत नाही.

त्यांच्या जेवणाची सोय करायच्या त्या खानावळवाल्या. चाळीतल्याच बायका. कुणाचा नवरा आजारी, कुणाची नोकरी सुटलेली, कुणी विधवा, कुणाला नवऱ्यानं टाकलेलं. घर चालवायला हाती दुसरं काही नाही, पण रांधता येतं. मग दहा-वीस कामगारांना जेवण घालायचं. पहाटे पहिल्या पाळीचं, दुपारी दुसऱ्या पाळीचं, रात्री तिसऱ्या पाळीचं. निवडणं, दळून आणणं, पाणी भरणं, भांडी घासणं, सगळं दहा बाय बाराच्या खोलीत, आणि त्याच खोलीत स्वतःचा संसारही.

मैत्रिणींनो, मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास सांगताना मालकांचं नाव येतं, पुढाऱ्यांचं येतं, कामगारांचं येतं. पण कामगाराच्या पोटात रोज जेवण गेलं नसतं तर गिरणीचा भोंगा वाजून काय उपयोग होता? तरी खानावळवालीला कुणी कामगार म्हटलं नाही. तिला पगार नाही, सुट्टी नाही, बोनस नाही. सरकारी कागदावर ती 'गृहिणी'. मी आपल्या ताईंच्या अर्जावर लिहिलं तसंच.

प्रेमाताई कामगारांच्या वस्त्यांत फिरत होत्या, म्हणून त्यांना हे दिसलं. सत्तरच्या दशकातल्या गिरणी संपात तर फारच स्पष्ट दिसलं. संप म्हणजे पगार बंद. कामगाराकडे पैसे नाहीत. पण खानावळवाली त्याला "उद्यापासून येऊ नको" म्हणाली नाही. ती उधारीवर जेवू घालत राहिली. त्यासाठी तिनं भांडी गहाण टाकली, अंगावरचा किडूकमिडूक दागिना गहाण टाकला. संप संपला की कामगाराला पगार सुरू व्हायचा. पण हिचं कर्ज तसंच राहायचं. संघटना कामगाराच्या मागे होती, पण या बाईच्या मागे कोणीच नव्हतं.

आता जरा हिशोब करू. खानावळवाली कर्जात का बुडायची? ती आळशी होती का? तिला धंदा कळत नव्हता का? अजिबात नाही. अडचण तारखांची होती.

कामगार पैसे द्यायचा महिन्याच्या शेवटी, पगार झाल्यावर. पण तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल लागायचं महिन्याच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पूर्ण महिनाभर तिला स्वतःचे पैसे घालून लोकांना जेवू घालावं लागायचं. धंद्यात रोज फिरवायला लागणाऱ्या या पैशाला खेळतं भांडवल म्हणतात. आपल्याकडे मोंढ्यातला व्यापारी हळद घेतो तेव्हा त्याच्याकडे असतं ते हेच. खानावळवालीकडे ते नव्हतं. मग ती वाण्याकडून उधारीवर माल घ्यायची. उधारी म्हटलं की वाणी भाव चढा लावणार, माल कोणताही देणार, आणि ही काही बोलू शकणार नाही. जास्त नड आली की सावकार. सावकाराचं व्याज महिन्याचं असायचं, शेकड्यावर.

हे शेकड्याचं व्याज आणि बँकेचं टक्क्याचं व्याज यात आपल्या कितीतरी बाया आजही फसतात. म्हणून नीट ऐका. सावकार म्हणतो "शेकडा पाच". म्हणजे शंभर रुपयांना महिन्याला पाच रुपये. बँक म्हणते "सात टक्के". म्हणजे शंभर रुपयांना वर्षाला सात रुपये. ऐकायला पाच लहान वाटतं आणि सात मोठं वाटतं. पण शेकडा पाच म्हणजे वर्षाचे साठ टक्के! पाच आणि सात यांची तुलनाच नाही, साठ आणि सात यांची आहे.

आता आपल्या ताईंचं उदाहरण घेऊ. त्यांनी परवानगी दिली आहे, फक्त नाव सांगू नको म्हणाल्या. पंधरा पोरं, प्रत्येकाचे महिन्याचे २,४०० रुपये. झाले ३६,००० रुपये. किराणा, भाजी, गॅस, दळण मिळून खर्च २७,०००. उरले ९,०००. महिन्याचे तीस दिवस धरले तर रोजची ३०० रुपये मजुरी. त्याच त्यांच्या हाताची कमाई. आता त्यांनी मुलीच्या बाळंतपणात ३०,००० रुपये शेकडा पाचनं घेतलेले आहेत. महिन्याचं व्याज १,५०० रुपये. दीड हजाराला तीनशेनं भागा. पाच आले. म्हणजे महिन्यातले पाच दिवस ही बाई फक्त व्याजासाठी पोळ्या लाटते. वर्षाचे साठ दिवस. आणि मुद्दलातला एक रुपया कमी झालेला नाही. हेच ३०,००० सात टक्क्यांनी असते, तर पहिल्या महिन्याचं व्याज १७५ रुपये झालं असतं, आणि हप्ता फेडत गेलं की तेही कमी होत गेलं असतं. पाच दिवस कुठं आणि अर्धा दिवस कुठं.

हा हिशोब मी सतरंजीवर मांडला तेव्हा ताई काही बोलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पाच दिवस? मला वाटलं मीच कुठं तरी जास्त खर्च करते."

मैत्रिणींनो, कर्जानं पैसे तर जातातच. पण त्याहून वाईट हे, की बाईला वाटतं चूक आपलीच आहे. प्रेमाताईंनी गिरणगावातल्या बायकांना पहिली गोष्ट सांगितली असेल तर ती हीच, की तुझा धंदा चांगला आहे, फक्त तुझा पैसा महाग आहे.

मग स्वस्त पैसा आणायचा कुठून? बँकेतून. पण खानावळवालीला बँकेत कोण उभं करणार? बँक विचारते, तारण काय? घर नावावर नाही, जमीन नाही, सोनं आधीच गहाण. जामीन कोण? सही येते का? बहुतेकींना अंगठा. तो काळ मात्र थोडा अनुकूल झाला होता. १९ जुलै १९६९ ला सरकारनं चौदा मोठ्या बँका ताब्यात घेतल्या होत्या. पुढे १९७२ साली अगदी गरिबांसाठी वर्षाला फक्त चार टक्के व्याजाच्या कर्जाची योजना आली. बँकेच्या भाषेत तिला डीआरआय म्हणतात. तिच्यात खेळत्या भांडवलासाठी १,५०० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकत होतं, तेही तारणाशिवाय.

१९७२ म्हटलं की आपल्या घरच्या आजींना काय आठवेल ते मला ठाऊक आहे. तो मोठा दुष्काळ. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलेली, सुकडी खाल्लेली. त्याच वर्षी मुंबईत महागाईविरुद्ध बायका हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांची नावं तुम्ही ऐकली असतील. इकडे पोटाला नाही म्हणून आणि तिकडे भाव परवडत नाही म्हणून, पण दोन्हीकडे बायकाच घराबाहेर पडल्या होत्या.

तर चार टक्क्यांची योजना कागदावर होती. पण योजना कागदावर असणं आणि बाईच्या हातात पैसा पडणं यात किती अंतर असतं, हे तुम्हाला-मला सांगायला नको. हे अंतर प्रेमाताईंनी कापलं. नवरा बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेत, त्यामुळे बँकेचं आतलं कामकाज कसं चालतं हे त्या घरात माहीत होतं. आणि प्रेमाताई चाळीचाळीत फिरणाऱ्या, त्यामुळे कोणती बाई कशी आहे हे त्यांना माहीत होतं. १९७५ साली त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. पहिल्या गटात चौदा खानावळवाल्या होत्या. बँक ऑफ बडोदाकडून त्यांना कर्ज मिळालं.

तारण काय दिलं? एकमेकींचा शब्द. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्या बघून घेतील, ही हमी. आता ऐकताना हे साधं वाटतं, कारण आपण रोज तेच करतो. पण तेव्हा ते नवीन होतं. बँकेला भीती कशाची असते? एक, माणूस पैसे घेऊन पळून जाईल. दोन, पैसे धंद्यात न घालता भलतीकडे खर्च होतील. तीन, इतक्या लहान लहान कर्जांच्या मागे फिरायला माणसं कुठून आणायची? आता बघा, त्याच चाळीत राहणाऱ्या, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना एकमेकींचं सगळं माहीत असतं. कोण पळणार नाही, कुणाच्या घरी दारूडा आहे, कुणाचा धंदा खरा चालतो. बँकेच्या साहेबाला जे वर्षभर चौकशी करून कळणार नाही ते नळावर दहा मिनिटांत कळतं. बायकांची ही माहिती म्हणजेच तारण. आपण जिला चहाड्या-चुगल्या म्हणून हसतो, तिचं मोल पहिल्यांदा बँकेत लागलं.

आणि खानावळवाल्यांनी कर्ज फेडलं. मग मंडळ चाळीचाळीत वाढत गेलं. हजारो बायका आल्या.

अन्नपूर्णा एकटी नव्हती, हेही सांगते. त्याआधी १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो आपला लिज्जत पापड. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या सेवा संघटनेतल्या भाजीवाल्या, गोधडीवाल्या, विडीवाल्या बायकांनी १९७४ साली स्वतःची बँकच काढली. बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९७६ साली एका गावात लहान कर्जांचं काम सुरू केलं, तिची पुढे ग्रामीण बँक झाली. आपल्या राज्यात महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपलं माविम, तेही १९७५ सालचं. १९९२ मध्ये नाबार्डनं बचत गट बँकेला जोडायचा कार्यक्रम सुरू केला. म्हसवडला चेतना सिन्हा यांनी १९९७ मध्ये बायकांची माणदेशी बँक उभी केली. पुढे 'उमेद' आलं. आज आपल्या गटाच्या दप्तरात जी कर्ज खतावणी आहे, तिच्यामागे इतक्या बायांचे हात आहेत.

पण प्रेमाताईंची गोष्ट कर्जापाशी संपत नाही. मला तर खरी शिकवण पुढेच दिसते.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्या नाहीत. कामगार गावी परतले. मग खानावळीत जेवणार कोण? ज्या धंद्यासाठी कर्ज घेतलं तो धंदाच पायाखालून सरकला.

अशा वेळी नुसतं कर्ज देणारा माणूस वसुली करतो आणि निघून जातो. अन्नपूर्णानं तसं केलं नाही. घरगुती खानावळ नाही तर एकत्र स्वयंपाकघर. दादरला मंडळाच्या स्वयंपाकघरात बायका एकत्र रांधू लागल्या, बाहेरच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. पुरणपोळी, लाडू, चकली, समारंभाचं जेवण, ऑफिसचे डबे. नवी मुंबईत वाशीला मंडळानं केंद्र उभारलं. तिथं प्रशिक्षण, आणि घरातून बाहेर पडावं लागलेल्या बाईला आसरा. कारण पैसा हातात आला म्हणून नवऱ्याचा मार थांबतोच असं नाही, हे प्रेमाताईंना ठाऊक होतं. कधी कधी तर वाढतो.

म्हणून मी गटात नेहमी सांगते, कर्ज म्हणजे बियाणं. नुसतं बियाणं दिलं आणि पाऊस पडला नाही, तर बियाणाला दोष देऊन भागत नाही. आपण सोयाबीनवाल्या बायांना हे कळतं.

आता घराचं सांगते. आपल्याकडे समाजकार्य करणाऱ्या बाईला लोक हमखास विचारतात, "मग घराकडे कोण बघतं?" पुरुषाला कुणी हा प्रश्न विचारत नाही. प्रेमाताईंचं घर चळवळीतच होतं. तिथं वाढलेली मुलगी, मेधाताई पुरव-सामंत, शिकली, बँकेत अधिकारी झाली. चांगली नोकरी. आणि १९९३ मध्ये तिनं पुण्यातल्या झोपडपट्ट्यांत, भाजी विकणाऱ्या, किरकोळ धंदे करणाऱ्या बायांमध्ये आईचंच काम नव्यानं सुरू केलं. ते आजचं अन्नपूर्णा परिवार. त्यात कर्ज आणि बचत तर आहेच. पण बाई कर्ज कशामुळे बुडवते, हे शोधून त्यांनी आणखी तीन गोष्टी जोडल्या. आजारपणानं बुडवते, म्हणून बायांनी थोडे थोडे पैसे भरून चालवलेला विमा. लेकरं सांभाळायला कुणी नाही म्हणून धंदा बंद पडतो, म्हणून पाळणाघर. आणि एकट्या आईचं मूल शाळा सोडतं, म्हणून शिक्षणाला मदत. दादा पुरव यांच्या नावानं प्रशिक्षणाची संस्थाही आहे. म्हणजे एका घरातली तीन माणसं एकाच कामाला लागली. पैसा, घर आणि समाज ही तीन वेगळी गाठोडी नव्हेत, हे त्या घरानं दाखवलं. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली. ती मिळायला हवीच होती. पण मला वाटतं, त्या पदकात त्या पहिल्या चौदा जणींचा वाटा आहे, ज्यांनी बँकेत अंगठा उठवला आणि पहिला हप्ता वेळेवर भरला.

आता शेवटी आपल्या अंगणात येऊ. ही गोष्ट ऐकून आपण करायचं काय?

पहिलं, आपलं काम मोजायला शिका. हळद शिजवायच्या दिवसांत गड्यांची भाकरी करणारी, डबे देणारी, शिलाई करणारी, शेळ्या राखणारी, कुणीही 'घरीच असते' म्हणू नका. एक महिना वही ठेवा. एका पानावर आलेले पैसे, दुसऱ्या पानावर गेलेले. त्यात आपल्या हाताची मजुरी वेगळी मांडा. लिहिता येत नसेल तर लेकीला सांगा, नातवाला सांगा.

दुसरं, धंद्याचा पैसा आणि घराचा पैसा एका डब्यात ठेवू नका. खेळतं भांडवल खाऊन टाकलं की पुन्हा वाण्याच्या दारात उभं राहावं लागतं.

तिसरं, आणि हे जरा कडू आहे. गटाची हमी ही दुधारी असते. आज आपल्या गावागावांत खाजगी कंपन्यांची माणसं येऊन दहा जणींना बसवून कर्ज देतात. तेही 'गट'च म्हणतात. एका बाईच्या डोक्यावर तीन-तीन हप्ते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात जाऊन बसतात. आज एकमेकींना धरून उभ्या असलेल्या बाया उद्या एकमेकींच्या वसुलीदार होतात. प्रेमाताईंची हमी ती नव्हती. तिथं आधी बाईची अडचण विचारली जायची, मग हप्ता. रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा. अशा लहान कर्जांचे सगळे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्याहून जास्त जाता कामा नयेत. व्याज किती, इतर खर्च किती, हे तुम्हाला कळणाऱ्या भाषेत कागदावर मिळालं पाहिजे. तारण मागता येत नाही. धमकी, शिवीगाळ तर मुळीच चालत नाही. सही करायच्या आधी विचारा, "महिन्याचं व्याज की वर्षाचं?" हा एक प्रश्न पाठ करा.

चौथं, गटाचं अंतर्गत कर्ज शेकडा दोननं असेल तरी ते व्याज आपल्याच पेटीत येतं आणि वर्षअखेरीस आपल्यालाच मिळतं. सावकाराचं व्याज मोंढ्याच्या रस्त्यानं निघून जातं. म्हणून गरज पडली तर आधी गट, मग बँक. आणि त्यासाठी आपली पंचसूत्री सांभाळा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. बँकेतला साहेब आपला चेहरा बघत नाही, दप्तर बघतो.

आता आपल्या ताईंचं काय झालं, हे विचाराल. त्या बैठकीत दोन तास चर्चा झाली. सगळ्या जणी एकमतानं तयार झाल्या असं नाही. एक म्हणाली, "मुलीच्या बाळंतपणाचं कर्ज आपण का फेडायचं?" तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. गटाचा पैसा सगळ्यांचा असतो. शेवटी ठरलं असं की गटाच्या पेटीतून १०,००० द्यायचे, ते सरळ सावकाराला. उरलेले २०,००० बँकेचं कर्ज आलं की तिच्या वाट्यातून फेडायचे. आणि तिनं दर आठवड्याला खानावळीची वही बैठकीत दाखवायची. दोघी जणी तिच्याकडे महिन्यातून एकदा हिशोबाला बसणार. त्यातली एक तीच, जिनं हरकत घेतली होती.

आणि मी अर्ज बदलला. नवा कागद घेतला. व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं, 'खानावळ, पंधरा सभासद'. ताईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अजून दोघं येणार हाईत पुढच्या महिन्यात. सतरा लिही."

मी म्हटलं, आल्यावर लिहू. आज जे आहे ते खरं लिहू.

येते मैत्रिणींनो. पुढच्या बैठकीला वही घेऊन या.